भूक, तृष्णा आणि सुई



ज्या प्रश्नावर हा लेख लिहीत आहे, तो मला कोणा पंडिताने विचारलेला नाही. तो माझ्या थोरल्या बहिणीने विचारला, आणि माझी चूक माझ्या पदरात घालताना विचारला. म्हणून आधी ती चूक सांगतो.

गेल्या वर्षावासात आमच्या लोहाऱ्यात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका रविवारी वंदनेनंतर मला चार शब्द बोलायला सांगितले. मी भोजनातील मात्रेवर बोललो. बोलण्याच्या भरात म्हणालो, "ज्याला स्वतःच्या जिभेवर ताबा ठेवता येत नाही, पोट आवरायला दर आठवड्याला सुई टोचून घ्यावी लागते, त्याने शील पाळण्याच्या गोष्टी कशाला कराव्यात?" समोर बायकांच्या रांगेत माझी अक्का बसली होती. तिचे वजन ९६ किलो. बारा वर्षांपासून तिला साखरेचा आजार आहे, गुडघे गेले आहेत. महिन्यापूर्वीच सोलापूरच्या एका डॉक्टरांनी तिला ती सुई लिहून दिली होती. हे मला ठाऊक होते, आणि सभेतल्या पुष्कळांनाही ठाऊक होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आरं, बाहत्तरला आईनं सुखडीचा तुकडा मला दिला अन् सोता उपाशी निजली. तवा कुणी मला मात्रा शिकवाया आलं न्हाई. आता दोन घास मिळत्यात, तर तू सभेत शिकवतोस व्हय? औषीद घेणं पाप हाय का, तेवढं नीट वाचून सांग मला."

मी त्या रात्री उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे काही महिने मी वाचत राहिलो, डॉक्टरांना विचारत राहिलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

ही सुई आहे तरी काय?

आपण जेवलो की आपल्या आतड्यातून एक संप्रेरक रक्तात येते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठरातले अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते, आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. शरीरातले हे नैसर्गिक संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरून जाते. विज्ञानाने त्याच्यासारखा, पण अधिक काळ टिकणारा पदार्थ शोधला. गंमत अशी की त्याचा पहिला धागा अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला. त्यावरून तयार झालेले पहिले औषध २००५ साली मधुमेहासाठी मंजूर झाले. पुढे आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड आले आणि त्यानंतर टिर्झेपेटाइड. ही मूळची मधुमेहाची औषधे. त्यांनी वजन उतरते हे दिसले, तेव्हा स्थूलतेसाठीही त्यांना मान्यता मिळाली.

परिणाम किती होतो? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९६१ माणसे होती. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, तर आहार-व्यायामाचा तोच सल्ला आणि नुसती पाण्याची सुई मिळालेल्यांचे २.४ टक्के. २०२३ साली आणखी मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार असलेल्या १७,००० हून अधिक स्थूल माणसांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे प्रमाण या औषधाने २० टक्क्यांनी घटले. तेव्हा ही सुई म्हणजे श्रीमंतांचा निव्वळ छंद आहे, असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. ती जीव वाचवू शकते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. पित्ताशयात खडे होणे, क्वचित स्वादुपिंडाला सूज येणे हे गंभीर धोके. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुई थांबली की भूक परत येते. त्याच चाचणीतल्या काही लोकांची औषध थांबवल्यावर वर्षभराने तपासणी झाली, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलेले होते.

लठ्ठपणा हे पाप आहे काय?

माझ्या भाषणातली पहिली चूक इथे होती. लठ्ठ माणूस म्हणजे अधाशी माणूस, हे मी गृहीत धरले. हा विचार आला कोठून? रोग्याचा रोग हा त्याच्याच कर्माचा भोग, असे म्हणून जो विचार शतकानुशतके आपल्या दारिद्र्याला आणि अस्पृश्यतेलाही पूर्वजन्मीचे फळ म्हणत आला, त्याच विचाराचा हा धाकटा भाऊ नव्हे काय? मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता : माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून होणारा आघात अशी निरनिराळी कारणे सांगितली, आणि सारेच पूर्वकर्मावर लादणारे लोक सत्य सोडून बोलतात असे बजावले. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त झिडकारला आहे. मग त्याच ग्रंथाच्या वाचनानंतर उभा राहून मी बहिणीच्या शरीरावर तिच्या दोषाचा शिक्का मारला, याला काय म्हणावे?

आता विज्ञान काय सांगते ते पाहा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे अशी हडकुळी; पण त्यांच्यात कमी भरले ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेलेली! अर्धपोटी आईच्या उदरात वाढणारे शरीर जणू पुढच्या दुष्काळाची तरतूद करते. अशा शरीराला पुढे पोटभर अन्न मिळू लागले की साखरेचा आजार लवकर गाठतो. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून लठ्ठ!

हे वाचताना मी थांबलो. माझा जन्म १९७३ चा. ज्या दुष्काळात अक्काने सुखडी खाल्ली, त्याच दुष्काळात मी आईच्या पोटात होतो. आई खडी फोडायच्या कामावर जात होती, आणि घरात परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी शिजत होती. मी आयुष्यभर सडपातळ राहिलो आणि त्याचा मनातून अभिमान बाळगला. पण चार वर्षांपूर्वी मलाही साखर निघाली. मी अक्कापेक्षा संयमी होतो म्हणून बारीक नव्हतो. एकाच आईच्या भुकेची ही दोन लेकरे; एकाच्या अंगावर ती दिसते, दुसऱ्याच्या अंगात ती लपली आहे. माझ्या बारीक अंगात माझे पुण्य नाही आणि तिच्या जाड अंगात तिचे पाप नाही.

औषध घेणे हा मनाचा पराभव आहे काय?

कोणी म्हणेल, "दोष नसेल मानू, पण मनाने जिंकायची लढाई सुईने जिंकणे हे धम्माला शोभते काय?" कोणी त्यापुढे जाऊन म्हणेल, "मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडा असे सांगितले. उपाशी असूनही ज्यांनी ते सोडले, त्यांच्या लेकीबाळींना आज घास आवरायला सुई लागावी?"

हा आक्षेप ऐकायला जोरदार आहे, पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी १९२७ नंतर जे नाकारले ते अन्न नव्हते, ती मानहानी होती. मानहानी नाकारायला निश्चय पुरतो. रोग निश्चयाने जात नाही. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे, आणि ते इन्सुलिन घेत होते. त्यांच्याइतका मनोनिग्रह कोणाचा होता? ज्या माणसाने आयुष्यभर रात्रंदिवस ग्रंथ लिहिले आणि लढे दिले, त्याने सुई टोचून घेतली म्हणून त्याचे मन हरले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? आणि भिक्खूच्या चार गरजांत चीवर, भिक्षान्न व निवाऱ्याबरोबर चौथी गरज औषधाचीच सांगितली आहे. वैद्य जीवक तथागतांचीही चिकित्सा करीत असे.

कोसलराजा प्रसेनजिताची गोष्ट संयुत्तनिकायात आहे. तो द्रोणभर भात खात असे. एकदा तो भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांजवळ येऊन बसला. भगवंतांनी त्याला अधाशी म्हटले नाही, चार लोकांत लाजविले नाही. जो जागृत राहून मात्रा जाणून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात आणि आयुष्य वाढते, या अर्थाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाने काय केले? सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली, आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी ती म्हणायला सांगितले, आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले.

ही गोष्ट मी सभेतही सांगितली होती. पण तिच्यातली एक गोष्ट मी पाहिलीच नव्हती. राजालासुद्धा एकट्याच्या निग्रहाने जमले नाही! त्याला बाहेरची मदत लागली, तीही पगारी. म्हणजे बाहेरची मदत घेणे स्मृतीच्या विरुद्ध नाही. विचारायचे असेल तर इतकेच विचारावे की, सुदस्सनाची गाथा आणि ही सुई यांत फरक कोणता?

फरक आहे. गाथा राजाला जागे करीत होती, सुई जागे करीत नाही. ती भुकेचा आवाज खाली आणते. पण आपण का खातो, काय खातो, दुःख झाले की डबा का उघडतो, हे ती शिकवीत नाही. म्हणूनच ती थांबली की भूक परत येते.

इथे एक अवघड शंका निघते. ही सुई घेणारे पुष्कळ लोक सांगतात की नुसती भूक नव्हे, खाण्याचा ध्यासच मावळतो. दिवसभर डोक्यात चाललेली अन्नाची कुजबुज थांबते. मग तृष्णा ही निव्वळ रसायनाची करामत आहे काय? सुईने तृष्णा जात असेल तर अष्टांगिक मार्ग कशाला हवा?

मला वाटते, याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की, धडपडीत स्वतःचे असे पुण्य नाही. सिद्धार्थाने शरीर वाळवून पाहिले, त्यात ज्ञान नाही हे ओळखले, आणि सुजाताची खीर घेतली. कष्ट म्हणजेच शील, अशी समजूत तिथे संपली. तेव्हा ज्याची डोक्यातली कुजबुज औषधाने शांत झाली, त्याने ती शांतता निःशंकपणे घ्यावी. दुसरा भाग असा की, तृष्णा एका ताटात मावत नाही. ती ताटातून उठते आणि आरशात जाऊन बसते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे लग्न ठरले. तिला कोणताही आजार नाही. मुलाकडच्यांनी "जरा बारीक झाली तर फोटो चांगले येतील" म्हटले, आणि तिची आई सुईची चौकशी करीत हिंडू लागली. इथे भूक कोणाची शमवायची आहे? मुलीची नव्हे, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची! ती भूक कोणत्याही सुईने शमत नाही. आज वजन, उद्या रंग, परवा हुंडा.

भिक्खूंना जेवताना जो विचार करायला सांगितला आहे त्याचा आशय असा : हे अन्न खेळासाठी नाही, मदासाठी नाही, शरीर नटवण्यासाठी नाही, हे शरीर टिकावे, पीडा थांबावी आणि सदाचरणाला बळ यावे एवढ्यासाठी आहे. औषधालाही हीच कसोटी लावा. माझ्या बहिणीची सुई या कसोटीला उतरते. त्या मुलीची उतरत नाही. सुई दोघींची एकच, हेतूने ती दोन होते.

आधी कोणाची भूक?

आता प्रश्नाची तिसरी बाजू. ती टाळली तर हा लेख अर्धा राहील.

आळवी नगरातल्या एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी, उशिरा सभेत आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग उपदेश केला. भुकेसारखा दुसरा रोग नाही, हे त्यांनी त्या प्रसंगी सांगितले.

या रोगाचे आपल्याकडे आज काय चित्र आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले, आणि २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच गल्लीत, एक बाई वजनाने पिडलेली आणि दुसरी भुकेने. आमचा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या मागे पडलेल्या, 'आकांक्षित' जिल्ह्यांत घातला. इथली माणसे आजही ऊसतोडीला जातात.

आता किंमत पाहा. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, आणि कुपी आठवड्याला एक. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सात दिवसांची भूक कमी करायला अकरा दिवसांची मजुरी! सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पेटंट संपले की इथल्या कंपन्यांना तेच औषध स्वस्तात करता येते. हे चांगलेच आहे. पण स्वस्त होणारी वस्तू आधी कोणाकडे जाते, हे पाहणेही आपले काम आहे. २०२२ नंतर काही काळ जगभर सेमाग्लुटाइडचा तुटवडा पडला. वजन उतरवू पाहणाऱ्यांची मागणी इतकी वाढली की कित्येक देशांत मधुमेहाच्या रोग्यांना त्यांचे औषध मिळेना.

याचा अर्थ माझ्या बहिणीने सुई टाकून द्यावी असा नाही. तिने उपाशी राहिल्याने दुसरीचे पोट भरणार नाही. अर्थ असा की, औषध ज्याच्या त्याच्या पैशावर सोडून आपण गप्प बसू नये. साखरेने आणि वजनाने खरोखर पिडलेल्या गरिबाला ते सरकारी दवाखान्यात मिळावे, ही मागणी आपण केली पाहिजे. आणि त्याच आवाजात गरोदर बाईच्या ताटात डाळ, अंडे, भाजी पडावी हीही मागणी केली पाहिजे. डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासातून मी जो बोध घेतो तो हाच : उद्याची सुई आजच्या आईच्या ताटात टळते.

तर मग काय करावे?

ज्यांच्या घरी हा प्रश्न आला आहे त्यांनी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. एक, मी हे कशासाठी घेतो आहे? पीडा थांबावी म्हणून, की कोणी चांगले म्हणावे म्हणून? दोन, हे मला कोणी दिले? ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. वजनासाठी ती साधारणतः फार स्थूल माणसाला, किंवा त्याहून थोडे कमी स्थूल पण मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असलेल्याला देतात. गरोदरपणात ती घ्यायची नाहीत, आणि थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर ती वर्ज्य आहेत. दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या सल्ल्याने घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगाला इशारा दिला आहे. तीन, भूक शांत असलेल्या या काळात मी काय शिकतो आहे? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हुलगे, अंडी यांकडे वळलो काय? स्नायू टिकावेत म्हणून हातपाय हलवतो काय? सुदस्सनाची जागा सुईने घेऊ नये, सुदस्सन यायला तिने वेळ मिळवून द्यावा.

चौथी गोष्ट मात्र आपल्यासारख्या बोलणाऱ्यांसाठी आहे. रोग्याची सेवा करणारा माझीच सेवा करतो, या अर्थाचे वचन तथागतांनी अतिसाराने लोळणाऱ्या भिक्खूला स्वतः धुऊन काढल्यावर सांगितले. त्यांनी त्याला आधी धुतले, मग संघाला उपदेश केला. मी आधी उपदेश केला. धुवायचे तर राहिलेच, उलट चिखल उडवला.

वर्षावास संपण्याच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा बोलायला उभा राहिलो आणि जे वर लिहिले आहे ते थोडक्यात सांगितले. अक्काचे नाव घेतले नाही. पण माझे मागचे बोलणे चुकीचे होते हे स्पष्ट सांगितले. ती त्याच रांगेत बसली होती. पाच महिन्यांत तिचे वजन अकरा किलोने उतरले आहे आणि ती विहाराच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढते. सुईचा खर्च तिचा पुण्यातला मुलगा करतो. पुढे किती दिवस करू शकेल, हे तिला माहीत नाही. मी विचारले, "सुई बंद झाल्यावर काय करशील?"

ती म्हणाली, "भूक यील परत. माझ्या वळखीची हाय ती. पर ह्या वक्ताला मी जागी आसन."

वाचकहो, माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा तिच्या या दोन वाक्यांत मला धम्म अधिक दिसला. आपल्या घरातल्या, गल्लीतल्या, विहारातल्या जाड माणसाकडे आणि कृश माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते आज रात्री जेवायला बसण्यापूर्वी एकदा तपासून पाहा. मात्रा ताटात पाळायची असते, तशी जिभेच्या बोलण्यातही पाळायची असते.